काका, हे नॉर्मल आहे

बिघडलेल्या वस्तूंबरोबर माझं पहिल्यापासून चांगलं जमतं. आमचा रेडिओ तेरा वर्षं बंद होता, पण त्याच्यावर पितळेचा गणपती फार छान बसायचा. भिंतीवरचं घड्याळ साडेचारला थांबलं, तेव्हापासून दिवसात केव्हाही वर बघितलं की चहाची वेळ झालेली असते. मला धास्ती वाटते ती चालू वस्तूंची. त्या केव्हा काय करतील याचा नेम नसतो. आमच्या घरात एसी आला तो चालू स्थितीत आला, आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

एसी आला तो अण्णांसाठी. अण्णा म्हणजे माझे वडील. वय ब्याऐंशी. नोकरीची तीस वर्षं एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली. आई गेल्यापासून ते पुढच्या खोलीत झोपतात आणि त्यांच्या सोबतीला मी. पूर्वी जयसिंगपूरचा उन्हाळा अंगणात बाज टाकली की भागायचा. आता अंगणात धाकट्याची मोटारसायकल असते आणि पारा चाळिशीच्या घरात असतो. डॉक्टर म्हणाले, "या वयात उष्मा सोसत नाही. त्यांची खोली गार ठेवा."

आता आमचं हे गाव शाहू महाराजांनी १९१७ साली वसवलं आणि त्याला आपल्या जन्मदात्या वडिलांचं, कागलच्या जयसिंगराव घाटग्यांचं नाव दिलं. तेव्हा वडिलांसाठी काहीतरी करावं ही या गावची मूळचीच चाल आहे. महाराजांनी गाव वसवलं, मी एसी घेतला. ज्याची त्याची ऐपत.

दुकानदारानं पहिलाच प्रश्न विचारला, "किती टनाचा देऊ?"

मी खोलीची लांबी-रुंदी सांगितली. तो म्हणाला, "मग दीड टनाचा घ्या."

अण्णा बरोबर होते. त्यांनी चष्मा सारखा केला. "दीड टन? बैलगाडीभर ऊस होतो त्यात. भिंतीला कसा टांगणार रे?"

दुकानदारानं समजावून सांगितलं की हा टन वजनाचा नाही. यंत्रं नव्हती तेव्हा गारव्यासाठी बर्फ वापरत. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो तेवढी जे यंत्र ओढून घेतं, ते एक टनाचं. मी मान डोलावली. अण्णांनी मान डोलावली नाही.

"टन कसला? किती किलोचा?"

दुकानदार गडबडला. त्यानं मोबाइल काढला आणि बघून सांगितलं, अमेरिकेतला टन दोन हजार पौंडांचा. म्हणजे नऊशे सात किलो.

"म्हणजे टनामागं त्र्याण्णव किलोचा काटा मारलाय," अण्णा म्हणाले. शिरोळ तालुक्यात यापेक्षा गंभीर आरोप नाही. दुकानदारानं घाईघाईनं चहा मागवला. मग त्यानं इन्व्हर्टरचा एसी घ्या, वीज कमी लागते म्हणून सुचवलं, तर अण्णा म्हणाले, "घरात हाय की एक इन्व्हर्टर. दुसरा कशाला?" दोन इन्व्हर्टरांतला फरक समजावून सांगायची ताकद आमच्यात कुणातच उरली नव्हती. आम्ही साधा एसी घेऊन घरी आलो.

पहिल्या रात्री सगळं घर खोलीत जमलं. एसीनं 'टिंग' केलं, पुढची पट्टी उघडली, गार वारा आला. सौभाग्यवतींनी हळदकुंकू वाहिलं. अण्णांनी घोंगडं अंगावर ओढलं आणि म्हणाले, "झालं की गार आता. बंद कर ते." मी रिमोटवर सोळा आकडा लावला होता. मनात हिशेब असा, की सोळावर ठेवला म्हणजे लवकर गार होईल. तसं नसतं, हे मला पुढं कळलं. आपला एसी गार करतो तो एकाच वेगानं. सोळा म्हटलं की तो जास्त वेळ चालतो आणि बिल जास्त येतं, एवढंच. २०२० पासून नवा एसी मुळात २४ अंशांवरच सुरू व्हावा असा सरकारी नियम आहे, तो माझ्यासारख्यांना ओळखूनच केला असावा.

रात्री साडेअकराला बाहेरच्या यंत्राची घरघर बंद पडली. मी ताडकन उठून बसलो. आतला पंखा फिरत होता, पण बाहेर शुकशुकाट. गेला! मी ठरवलं. पहिल्याच रात्री गेला. सकाळी उठल्याबरोबर मेकॅनिकला फोन केला.

मेकॅनिक म्हणजे पंचविशीतला पोरगा. कानाला मोबाइल, खिशात टेस्टर. त्यानं एसी चालू केला, गार वाऱ्यासमोर हात धरला, पाच मिनिटांनी म्हणाला, "काका, हे नॉर्मल हाय. खोली सांगितली तेवढी गार झाली की कॉम्प्रेसर थांबतोय. पुन्हा तापली की सुरू हुतोय. थांबला म्हंजे बिघडला न्हवं, काम झालं त्याचं." तीनशे रुपये देऊन मी हे ज्ञान घेतलं.

तिसऱ्या दिवशी एसी बोलायला लागला. रात्रीच्या शांततेत 'टक्', मग 'तडक्', मग कुणीतरी बोटं मोडावीत तसे चार-पाच आवाज. पाठोपाठ आतून गुळगुळ, जसं कुणाच्या तरी पोटात पाणी फिरतंय. मी आधी स्वतःच्या पोटावर हात ठेवला. मग अण्णांकडं बघितलं. ते जागेच होते.

"आपलं पत्र्याचं घर आठवतंय का?" ते म्हणाले. "दिवसभर तापलेला पत्रा रात्री गार व्हायला लागला की तडतड करायचा. तू भुताला भिऊन आईच्या कुशीत शिरायचास. तसं प्लॅस्टिक वाजतंय. झोप."

माझा विश्वास बसला नाही. घरच्या माणसाचं फुकट ज्ञान कुणाला पटतं? पुन्हा मेकॅनिक, पुन्हा तीनशे. त्यानं अण्णांनी सांगितलं तेच सांगितलं. गार झालं की प्लॅस्टिक आकसतं, तापलं की पसरतं, आणि गुळगुळ म्हणजे नळीतून गॅस फिरतोय. "काका, हे नॉर्मल हाय."

मग आला पाण्याचा प्रश्न. २००५, २०१९, २०२१ असे तीन महापूर या तालुक्यानं पाहिले. नदीकाठच्या गावांतले पाहुणे तेव्हा ट्रंका आणि शेळ्या घेऊन आमच्या घरी मुक्कामाला होते. त्यामुळं नको तिथं पाणी दिसलं की आमच्या छातीत धडधड होते. मागच्या बोळात एसीच्या नळीतून टपटप पाणी पडताना दिसलं, तेव्हा सौ. नी बादली लावली आणि माझ्याकडं बघितलं. लग्नाला चौतीस वर्षं झाल्यावर ते बघणं पुरतं. मी फोन लावला.

"काका, पाणी बाहेर पडतंय न्हवं? मग चांगलंच की. आत पडलं तर सांगा." हवेतला दमटपणा गार नळ्यांवर जमतो आणि पाणी होऊन बाहेर जातो. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसंच. पावसाळ्याच्या तोंडावर हवा दमट झाली की बादली बघता बघता भरते. सौ. नी त्या पाण्यानं फरशी पुसायला सुरुवात केली. तेव्हापासून घरात एसीची बाजू घेणारं एक माणूस झालं.

गंमत म्हणजे हे यंत्र मुळात निघालं ते या पाण्यासाठीच. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा आणि एका रंगावर दुसरा रंग बसेना. तेव्हा विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनियरनं हवेतलं पाणी काढून घेणारी यंत्रणा आखली. म्हणजे पहिल्यांदा गारव्यात बसला तो कागद. माणसाचा नंबर नंतर लागला. आणि 'एअर कंडिशनिंग' हा शब्द १९०६ साली काढला तो स्टुअर्ट क्रेमर नावाच्या सूतगिरणीवाल्या इंजिनियरनं. त्याला हवेत उलट ओलावा घालायचा होता, सूत तुटू नये म्हणून. इचलकरंजीत जन्मला असता तर त्याचा चौकात पुतळा झाला असता.

जूनच्या आधी एका दमट संध्याकाळी एसीतून पांढरा धूर आला. सौ. किंचाळून मेन स्विचकडं धावल्या. अण्णा पडल्या पडल्या म्हणाले, "गुऱ्हाळ सुरू झालं काय रे?" मेकॅनिक फोनवरच हसला. दमट हवेत एकदम गार झोत मिसळला की धुकं होतं. थंडीत आपल्या तोंडातून वाफ निघते, तशातलाच प्रकार. नॉर्मल.

पुढच्या आठवड्यात वास. एसीतून तंबाखू आणि बाम यांचा मिळून एक वास यायला लागला. जयसिंगपूर तंबाखूची पेठ, आणि अण्णा त्या पेठेचे जुने आश्रयदाते. मेकॅनिक म्हणाला, "काका, एसी नवी हवा आणत न्हाई. खोलीत जे हाय तेच फिरवतोय. तुमचंच तुम्हाला परत देतोय. जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा, आणि आजोबांना सांगा..." अण्णांनी डोळे वटारले. वाक्य तिथंच राहिलं.

आणि लाइट. उन्हाळ्यात आमच्याकडं वळीव आला की लाइट जाणार, हे ठरलेलं. लाइट आली की पंखा लगेच फिरतो, पण गारवा येत नाही. मी रिमोट दाबतोय, बंद-चालू, चालू-बंद. मेकॅनिकनं माझा हात धरला. "तीन मिनिटं थांबा की काका. आत गॅसचा दाब एका बाजूला चढलेला असतोय. तो दोन्हीकडं सारखा झाल्याबिगर कॉम्प्रेसर सुरू केला तर मोटर अडकंल. म्हणून तो मुद्दाम थांबतोय. घाई तुम्हाला हाय, त्याला न्हाई."

त्या दिवशी त्यानं पैसे घेतले नाहीत. चहा पिता पिता मला म्हणाला, "काका, एक सांगू? रोज करतोय तो त्याचा स्वभाव. नव्यानं काय करायला लागला तर तो बिघाड. आत पाणी गळलं, पायपावर बर्फ धरला, जळका वास आला, एमसीबी पडायला लागला, तर रात्री दोनला फोन करा. मी येतो. बाकी तो बोलतोय तर बोलू दे. तुम्ही झोपा."

झोपा म्हणणं सोपं आहे. खरं सांगायचं तर माझे कान एसीकडं नव्हतेच. आई गेली ती रात्री झोपेत गेली. त्या रात्री मी शेजारच्या खोलीत गाढ झोपलो होतो. तेव्हापासून रात्री काहीही वाजलं की मी उठून बसतो, आणि काहीच वाजलं नाही तरी उठून बसतो. एसीच्या नावानं मी अण्णांवर पहारा ठेवत होतो. मेकॅनिकला दिलेले सहाशे रुपये त्या पहाऱ्याचे.

अण्णांच्या बाबतीतही माझं हेच चाललं होतं. त्यांना काही विचारलं की उत्तर यायला वेळ लागायचा. मला वाटलं, कान गेले. मिरजेला नेलं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, तिथं माणूस एका डॉक्टरकडून सुटत नाही. कान चांगले निघाले. दुपारी भर गप्पांत डोळे मिटून बसायचे. मला वाटलं, ग्लानी. पुन्हा मिरज. रात्री दोनला रुळांवरून काही धडधडत गेलं की विचारायचे, "गाडी गेली का?" मला वाटलं, भ्रम. झोपेत कधी कधी बडबडायचे, "बावीस क्विंटल चाळीस, घे पुढं." पुन्हा मिरज. डॉक्टरांनी माझ्याकडं बघून सांगितलं, "त्यांचं सगळं वयाप्रमाणे आहे. विचारल्यावर जरा थांबा, उत्तर येतं." फी मात्र मेकॅनिकपेक्षा जास्त होती.

मग मी अण्णांनाही एसीसारखं वागवायला लागलो. विचारायचं आणि थांबायचं. खरंच उत्तर यायचं. कधी तीन मिनिटांनी, कधी जेवण झाल्यावर, पण असं नेमकं, की तोवर मी प्रश्न विसरलेलो असायचो.

मेअखेरची गोष्ट. रात्री वळीव झोडपून गेला. लाइट गेली. तासाभरानं आली. एसीनं 'टिंग' केलं. मी रिमोटला हात लावला नाही, शहाण्यासारखा तीन मिनिटं पडून राहिलो. बाहेर घरघर सुरू झाली, गार वारा आला, टक्, तडक्, गुळगुळ, सगळं ओळीनं झालं. मी डोळे मिटले. आणि कसली तरी चुकचुक लागून राहिली.

अण्णा "बंद कर ते" म्हणाले नव्हते.

एसी आल्यापासून अशी एक रात्र गेली नव्हती. मी दिवा लावला. घोंगडं पायाशी ढकललेलं. खोलीत २४ अंश, आणि अण्णांचा बनियन ओलाचिंब. कपाळाला हात लावला तर गार आणि ओलं. तांब्याला सुटतो तसा घाम.

"काय होतंय?"

या वेळी उत्तर लगेच आलं. "काही नाही. पित्त असंल. झोप तू."

अण्णा आणि 'काही नाही'? ज्या माणसानं अमेरिकेच्या टनातली तूट सोडली नाही, त्याची कशाबद्दल तक्रार नाही? हे नॉर्मल नव्हतं. मेकॅनिकचं वाक्य माझ्या कानात वाजलं. मी शेजाऱ्यांचं दार बडवलं. त्यांनी लुंगीवरच गाडी काढली. अंकलीच्या पुलावर अण्णांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी त्यांच्याशी एकसारखा बोलत होतो. काय बोललो ते आठवत नाही. मिरजेत पोचल्यावर दहा मिनिटांत त्यांना आत घेतलं.

हार्ट अटॅक होता. पहाटे अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचा मास्क खाली केला आणि म्हणाले, "वेळेत आणलंत. या वयात छातीत दुखेलच असं नाही, कधी नुसता घाम येतो. घरचे सकाळपर्यंत वाट बघतात. तुमच्या कसं लक्षात आलं?"

"आमच्या एसीच्या मेकॅनिकनं सांगितलं होतं," मी म्हणालो.

डॉक्टरांनी मला जवळच्या बाकावर बसवलं आणि पाणी प्यायला दिलं. मुलालाही तपासावं की काय, असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

आठवड्यानं अण्णा घरी आले. तंबाखू सुटली, म्हणजे डॉक्टरांनी सोडवली. अण्णांचं त्याबद्दलचं मत इथं लिहिण्यासारखं नाही. सौ. नी जाळी धुऊन ठेवली होती. भेटायला येणारे एसीकडं बघून म्हणायचे, "यानंच वाचवलं म्हणायचं." अण्णा म्हणायचे, "टनाला त्र्याण्णव किलो मारून."

पहिल्या रात्री मी दिवा मालवला. एसी २४ वर. बाहेरचं यंत्र थोडा वेळ घरघरलं आणि थांबलं. मी उठलो नाही. टक् झालं. गुळगुळ झालं. मी अंधारात डोळे उघडे ठेवून पडलो होतो. एसीकडून जेवढं यायचं तेवढं येऊन गेलं होतं. मी वाट बघत होतो ती पलीकडच्या कॉटची.

बराच वेळ गेला. तीन मिनिटं असतील, जास्तही असतील.

"झालं की गार आता," अंधारातून आवाज आला. "बंद कर ते."

मी एसी बंद केला नाही. कूस बदलली, आणि किती दिवसांनी गाढ झोपलो. रात्री गाडी गेली म्हणे. अण्णांनी मला विचारलंही होतं, पण मी घोरत होतो. सकाळी ते सौ. ला काळजीनं सांगत होते, "याला एकदा मिरजेला दाखवून आणा. हाका मारल्या तरी उठत न्हाई."